आयबीडी आणि रक्ततपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोन्स असो की अल्सरेटिव्ह कोलायटिस, आयबीडीच्या (आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाच्या आजाराच्या) प्रत्येक पेशंटकडे रिपोर्टची एक जाडजूड फाइल असते. मला क्रोन्स होऊन ११ वर्षं झाली आणि माझी तिसरी फाइल सुरू आहे. नव्यानं निदान झालेल्या लोकांशी बोलताना तेच ते प्रश्न येतात: हा आकडा लाल का, तो ठळक का, सगळं नॉर्मल आहे तर पोट का दुखतंय. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, वाढवणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. पण स्वतःचा रिपोर्ट स्वतःला वाचता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या रक्ततपासणीवरून आयबीडी आहे की नाही हे कळतं का?

नाही. अशी एकही रक्ततपासणी नाही. निदान होतं ते कोलोनोस्कोपी, त्यात घेतलेली बायोप्सी, गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय, शौचाची तपासणी आणि तुम्ही सांगितलेली हकीकत, हे सगळं एकत्र मांडून. रक्त एवढंच सांगतं की शरीरात कुठेतरी दाह आहे, रक्त जातंय किंवा खाल्लेलं अंगी लागत नाहीये. कुठे आणि कशामुळे, हे ते सांगत नाही. सीआरपी हा दाहाचा आकडा घसा सुजल्यावरही वाढतो.

तरीही पहिल्याच भेटीत रक्त घेतात, आणि ते बरोबरच आहे. कित्येक आठवडे जुलाब होणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट जास्त आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) खाली आलेलं दिसलं, तर कोलोनोस्कोपी पुढे ढकलायची नाही हे तिथल्या तिथे ठरतं. शिवाय असाच त्रास देणारे दुसरे आजारही बघायचे असतात: थायरॉइड, गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार म्हणजे सीलिअ‍ॅक. सीलिअ‍ॅकच्या अँटिबॉडीची तपासणी करायची असेल तर त्याआधी स्वतःच्या मनानं ग्लुटेन बंद करू नका. बंद केलं की आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

मग आयबीएस आणि आयबीडी यांतला फरक रक्तातून कळेल का?

थोडाफार. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम; त्यात आतडं बिनसतं पण दाह नसतो, त्यामुळे रक्त बिघडत नाही. बिघडलेलं दिसलं तर 'आयबीएस असेल' म्हणून सोडून देता येत नाही. उलट बाजू मात्र खरी नाही: रक्त नॉर्मल आलं म्हणून आयबीडी नाहीच, असं होत नाही. हा फरक करायला शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन रक्तापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. ते पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. आतड्याच्या अस्तरात या पेशी गोळा झाल्या की ते शौचात उतरतं. बहुतेक लॅब ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आतला आकडा नॉर्मल धरतात.

सीआरपी म्हणजे नेमकं काय?

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असं काही पाहिलं, जे न्यूमोकॉकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या घटकाला जाऊन चिकटत होतं. नावातला 'सी' तिथून आला. हे प्रथिन यकृतात तयार होतं. आतड्यात दाह पेटला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे संदेश रक्तात सोडतात, यकृताला ते मिळतात आणि काही तासांत सीआरपी चढू लागतो. दाह शमला की तो तितक्याच लवकर उतरतो, कारण दर १९ तासांना रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं होत जातं. औषध लागू पडतंय का, हे थोड्या दिवसांत दाखवणारा आकडा म्हणून डॉक्टरांना तो आवडतो.

बहुतेक रिपोर्टवर ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत नॉर्मल असं लिहिलेलं असतं, काही लॅब १० धरतात. आकड्याआधी त्याचं एकक वाचा, हे मी अनुभवानं सांगते. एकदा माझा सीआरपी १४ आला होता. तीन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासला तर १.६. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि औषध वाढवायचं का या प्रश्नाला मी स्वतःच परस्पर 'नको' म्हणून टाकलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि पेनाचं टोक आकड्यावर नाही, त्याच्या शेजारच्या बारीक अक्षरांवर टेकवलं: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एका लिटरमध्ये १० डेसिलिटर असतात. म्हणजे माझे १.६ हे आधीच्या हिशोबानं १६ होते. सूज कमी झाली नव्हती, किंचित वाढलीच होती.

सीआरपी नॉर्मल आहे, पण मला त्रास होतोय. असं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडी शरम असते, जणू आपण काही खोटं सांगतोय. तसं काही नाही. याची कारणं खरी आहेत.

पहिलं कारण आजाराच्या जातीत आहे. क्रोन्समध्ये दाह आतड्याच्या भिंतीत आरपार जातो, बाहेरच्या चरबीपर्यंत पोचतो, आणि सीआरपी चांगला वर जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह आतल्या अस्तरापुरता असतो. तो फक्त गुदाशयातच असेल तर दिवसातून कित्येकदा रक्त पडत असूनही सीआरपी जागचा हलत नाही. दुसरं कारण जनुकांचं. काही लोकांचं यकृत मुळातच कमी सीआरपी बनवतं. माझ्या ओळखीतल्या एका क्रोन्सच्या मुलीचा सीआरपी कधी ३ च्या वर गेलेला नाही, कोलोनोस्कोपीत खोल व्रण दिसत होते त्या आठवड्यातसुद्धा नाही. तिच्यापुरता हा आकडा मुका आहे. तिच्या डॉक्टरांनी ते ओळखलं आणि तेव्हापासून ते कॅल्प्रोटेक्टिनवर भिस्त ठेवतात.

म्हणूनच निदानाच्या वेळी, आजार जोरात असतानाचे रिपोर्ट फार मोलाचे असतात. त्या वेळी तुमचा सीआरपी चढला होता का? चढला असेल तर पुढेही तो तुमच्याशी बोलेल. तेव्हाही गप्प होता, तर पुढे 'सीआरपी नॉर्मल' हे ऐकून कोणी तुमची तक्रार बाजूला ठेवू लागलं तर तो जुना कागद समोर ठेवा.

त्रास दाहामुळेच असतो असंही नाही. जुन्या व्रणानं आतडं अरुंद झालेलं असतं, शस्त्रक्रियेनंतर पित्ताम्ल नीट शोषली जात नाहीत, किंवा आयबीडीच्या जोडीला आयबीएस असतो. यांतलं काहीच सीआरपीत दिसत नाही, पण प्रत्येकावर उपचार आहेत.

आणि सीआरपी वाढला तर आजार उफाळला असंच समजायचं का?

लगेच नाही. सर्दीताप, लघवीचा संसर्ग, दातांचा गळू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांनीही तो वाढतो. लठ्ठपणात तो कायम थोडा चढलेला असू शकतो. रक्त देण्याच्या आठवड्यात ताप आला होता का, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. आयबीडीत आतड्याचा संसर्गही उफाळ्यासारखाच दिसतो. म्हणून जुलाब वाढले की शौचात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू आहे का, ते पाहतात.

ईएसआर जुनी तपासणी आहे ना? अजून का करतात?

जुनी आहे खरी. उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचं, ही स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांची १९२१ ची पद्धत आजही आधार मानली जाते. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटून चवड बनते आणि ती भरभर बसते. पण ईएसआर सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. वय, अ‍ॅनिमिया, गरोदरपण या सगळ्यांनी तो बदलतो. ज्यांचा सीआरपी मुका आहे त्यांना थोडा आधार म्हणून तो ठीक. बाकी मी त्यावर फार डोकं लावत नाही.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, लांबलचक यादीत नक्की काय बघायचं?

चार गोष्टी. हिमोग्लोबिन: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. एमसीव्ही: तांबड्या पेशींचं आकारमान. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी१२ किंवा फोलेट कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधोमध येऊन सगळं आलबेल दिसतं, तेव्हा फसू नका. अ‍ॅझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांचा एमसीव्ही औषधामुळेच वाढतो.

प्लेटलेट: साधारण दीड ते साडेचार लाख. दाहात त्या वाढतात, लोहाच्या कमतरतेतही वाढतात. आयबीडीत शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दोन-तीन पट असतो, आजार जोरात असताना त्याहून जास्त. म्हणून एका पोटरीला अचानक सूज आली, दुखायला लागली किंवा धाप लागली तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पांढऱ्या पेशी: स्टेरॉइड घेत असाल तर त्या संसर्ग नसतानाही वाढलेल्या दिसतात. अ‍ॅझाथायोप्रीनवर त्या घटू शकतात, आणि ते जास्त महत्त्वाचं. खाली लिहिलं आहे.

हिमोग्लोबिन कमी आहे, पण फेरिटिन नॉर्मल आहे. म्हणजे लोह पुरेसं आहे ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि थकवा अंगावर काढत राहतात. म्हणून जरा सविस्तर.

फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. पण दाह असला की तेही सीआरपीसारखं वाढतं, साठा असो वा नसो. म्हणून आयबीडीत त्याचे दोन मापदंड आहेत. दाह शांत असताना ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर लोह कमी. दाह चालू असताना १०० पर्यंतचं फेरिटिनही लोहाच्या कमतरतेत बसू शकतं. लॅबच्या कागदावर मात्र ६५ हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात सुखानं बसलेला असतो, कारण तुमच्या आतड्यात काय चाललंय हे लॅबला माहीत नसतं.

दुसरी अडचण अशी की साठा असूनही तो वापरता येत नाही. दाहात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते कोठाराला कुलूप लावतं: आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि पेशींमध्ये साठलेलं बाहेर पडू देत नाही. हाडांतल्या मगजाला लोहच मिळालं नाही, तर तांबड्या पेशी बनणार कशा? हे ओळखायला फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते, बघतात. ते २० टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन १०० च्या वर, तर मुख्य दोष दाहाचा. फेरिटिन ३० ते १०० च्या मधलं असेल तर बहुतेक वेळा दोन्ही कारणं एकत्र नांदत असतात.

हेप्सिडिनमुळेच आजार जोरात असताना लोहाच्या गोळ्या धड शोषल्या जात नाहीत, आणि पोटाला त्रास होतो तो वेगळाच. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल किंवा आजार सक्रिय असेल तर शिरेतून लोह देणं हा पहिला पर्याय मानला जातो. मला ते पहिल्यांदा दिलं त्याआधी मी जिन्याच्या मधल्या पायरीवर भिंतीला टेकून उभी राहायचे आणि 'वय झालं' म्हणायचे. तेव्हा मी ३४ वर्षांची होते.

शिरेतून लोह घेतल्यावर फेरिटिन लगेच तपासू नका. पहिले काही आठवडे ते फुगलेलं असतं, साधारण दोन-तीन महिन्यांनी खरा आकडा दिसतो. आणि गोळ्यांनी शौच काळपट होतं. ते रक्त नव्हे. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं काळं शौच ही वेगळी गोष्ट, ते लगेच सांगायचं.

बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व हे दरवर्षी का करायला सांगतात?

बी१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, आणि क्रोन्सचा मुक्काम बहुधा तिथेच असतो. त्या भागातला २० सेंटिमीटरहून मोठा तुकडा शस्त्रक्रियेत काढला असेल तर कमतरता येण्याचा धोका बराच, आणि इंजेक्शनं बहुधा कायमची. शरीरात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी रिपोर्ट चांगला आला तरी गाफील राहायचं नाही. पायांना मुंग्या, तोल जाणं, जीभ लालबुंद होणं ही लक्षणं हिमोग्लोबिन घटण्याआधीही येतात. फोलेट कमी करणारी दोन औषधं म्हणजे सल्फासॅलाझिन आणि मेथोट्रेक्सेट. ड जीवनसत्त्वाचा संबंध हाडांशी. वारंवार स्टेरॉइड घेतलेल्यांनी ते टाळू नये.

अल्ब्युमिन कमी आलं, म्हणजे मला प्रथिनं जास्त खायला हवीत का?

खायला हवीत, पण आकडा तेवढ्यानं चढत नाही. दाहात यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि सुजलेल्या आतड्यातून ते गळतंही. दाह आटोक्यात आला की ते सावकाश वर येतं, कारण त्याचं अर्धायुष्य जवळजवळ तीन आठवड्यांचं आहे. ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बरंच खाली असेल तर डॉक्टर ते गांभीर्यानं घेतात: शस्त्रक्रियेनंतर जखम भरून यायला अडचण येते, आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषधही शरीरातून लवकर निघून जातं.

अ‍ॅझाथायोप्रीन सुरू केलं आणि दर आठवड्याला रक्त मागतायत. एवढं खरंच लागतं?

लागतं. कंटाळा आला तरी चुकवू नका. हे औषध मगजात पेशी बनण्याचा वेग रोखतं, आणि काहींच्या शरीरात ते नीट मोडलं जात नाही. मग पांढऱ्या पेशी कोसळतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. औषध मोडणारं एक एन्झाइम म्हणजे टीपीएमटी. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३०० मध्ये एकाला ते जवळजवळ नसतंच, आणि दहापैकी एकाला कमी असतं. म्हणून औषध सुरू करण्याआधी ते तपासतात. अलीकडे तुम्हाला रक्त चढवलेलं असेल तर ते सांगा; एन्झाइम तांबड्या पेशींत मोजतात, त्यामुळे रक्तदात्याचा आकडा तुमच्या नावावर येऊ शकतो. अशा वेळी जनुकाची तपासणी बरी.

आशियाई वंशाच्या लोकांसाठी टीपीएमटी पुरेसं नाही. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एनयूडीटी१५ या जनुकातला बदल शोधून काढला. हा बदल आशियाई लोकांत बराच जास्त आढळतो आणि पांढऱ्या पेशी घटण्याशी त्याचा घट्ट संबंध आहे. याचं एक लक्षण घरी दिसतं: औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केसांचे झुबके हातात येणं. कंगव्यात रोजच्यापेक्षा चार केस जास्त, ते हे नव्हे. उशीवर पुंजके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि सीबीसी करून घ्या.

सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, मग महिन्याला, मग स्थिर झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी सीबीसी आणि यकृताची तपासणी, असा क्रम असतो. जनुकाचा रिपोर्ट चांगला आला तरी रक्त द्यायचं थांबवायचं नसतं. पेशी इतर कारणांनीही घटू शकतात.

बाकी औषधांचं थोडक्यात: मेसालामाइन सौम्य वाटतं, पण क्वचित किडनीला सूज आणतं, म्हणून वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन. मेथोट्रेक्सेटवर यकृत आणि सीबीसी. टोफासिटिनिबच्या जातीच्या गोळ्यांवर कोलेस्टेरॉलही.

यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं आहे. हा औषधाचा परिणाम का?

असू शकतो, पण मोठ्यांमध्ये ते बराच काळ चढलेलं राहिलं आणि जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइमही वाढलेलं असेल तर पित्तनलिकांकडे पाहावं लागतं. पीएससी नावाचा पित्तनलिकांचा आजार आयबीडीच्या, विशेषतः अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सोबतीनं येतो. त्याची खात्री एमआरआयनं करतात. वाढीच्या वयातल्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांमुळे जास्तच असतं, तिथे घाबरायचं कारण नाही.

बायोलॉजिक (दाहातला ठरावीक दुवा अडवणारं औषध) सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या कशाला?

कारण दोन्ही शरीरात झोपून राहू शकतात. टीबीच्या जंतूभोवती शरीर पेशींची तटबंदी उभी करतं आणि टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन तिचा मुख्य आधार असतं. इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब नेमकं टीएनएफलाच अडवतात. तट ढासळला की जंतू मोकळे. म्हणून आधी आयग्रा ही रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे. स्टेरॉइड चालू असेल तर आयग्राचं उत्तर धड हो नाही आणि धड नाहीही नाही असं येऊ शकतं, त्यामुळे शक्य असेल तर निदानाच्या वेळीच ती उरकून घेतलेली बरी. आयग्रा टीबीचा झोपलेला जंतू आणि जागा झालेला आजार यांत फरक करू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की एकट्या आयग्रावरून कुठलीच बाजू ठरवता येत नाही.

हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रथिन) आणि अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) दोन्ही हवेत. पहिलं निगेटिव्ह आणि दुसरं पॉझिटिव्ह असलेल्या माणसाला पूर्वी संसर्ग होऊन गेलेला असतो, आणि प्रतिकारशक्ती दबल्यावर तो परत डोकं वर काढू शकतो.

'औषधाची पातळी' तपासायला सांगितली आहे. ते काय?

बायोलॉजिक चालू असूनही त्रास परतला तर प्रश्न पडतो: औषध कमी पडतंय की निकामी ठरतंय? पुढच्या डोसच्या लगेच आधी रक्त घेऊन औषध किती उरलंय ते मोजतात. सक्रिय आजारात इन्फ्लिक्सिमॅबची पातळी निदान ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी, असा साधारण मापदंड आहे. पातळी कमी आणि औषधाविरुद्ध अँटिबॉडी नाहीत, तर डोस वाढवून किंवा दोन डोसमधलं अंतर कमी करून भागतं. पातळी शून्याजवळ आणि अँटिबॉडी भरपूर, तर बहुधा दुसरं औषध. पातळी उत्तम असून आजार जोरात, तर या जातीचं औषधच तुमच्या आजाराला चालत नाही, म्हणजे वेगळ्या जातीचं हवं. रक्त डोसनंतर दिलं तर सगळाच हिशोब चुकतो, म्हणून सलाइन लावायच्या आधी नर्सना आठवण करा. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा.

एएनसीए आणि एएससीए पॉझिटिव्ह आले. निदान पक्कं झालं का?

नाही. या दोन अँटिबॉडी आहेत. पी-एएनसीए अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये जास्त सापडतं, एएससीए क्रोन्समध्ये. पण आजार असूनही निगेटिव्ह आणि नसूनही पॉझिटिव्ह, अशी दोन्हीकडची माणसं भरपूर आहेत. कोलोनोस्कोपीनंतरही दोघांत निवाडा होत नसेल तेव्हा थोडी मदत होते, इतकंच.

रक्तात आजाराची चाहूल आधी लागते, हे मात्र खरं. डेन्मार्कमधल्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात क्रोन्सच्या रुग्णांच्या साध्याच तपासण्यांत निदानाच्या ८ वर्षं आधीपासून आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ३ वर्षं आधीपासून बारीक बदल दिसले. हे हजारो लोकांचे आकडे एकत्र केल्यावर दिसतं. एकट्या माणसाचा एक रिपोर्ट बघून भविष्य सांगता येत नाही, म्हणून घरातल्या ठणठणीत मुलांच्या या अँटिबॉडी तपासत बसू नका.

मला बरं वाटतंय. तरी तपासण्या कशाला?

कारण बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'कॅल्म' चाचणीत क्रोन्सच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकात औषध वाढवायचं ते मुख्यतः लक्षणं बघून. दुसऱ्यात लक्षणांबरोबर सीआरपी ५ किंवा कॅल्प्रोटेक्टिन २५० च्या वर गेलं तरीही वाढवायचं. ४८ आठवड्यांनी अस्तर बरं झालेले रुग्ण पहिल्या गटात ३० टक्के होते, दुसऱ्यात ४६ टक्के. आजार शांत असेल तर बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते. औषध बदललं असेल तर त्याआधी.

गरोदरपणात आकडे वेगळे वाचायचे का?

हो. रक्तातला पाण्याचा अंश वाढल्यानं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन उतरतात, ईएसआर चढतो, वारेमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. यांतलं काहीच आजार उफाळल्याची खूण नव्हे. कॅल्प्रोटेक्टिन या काळातही भरवशाचं राहतं.

रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का?

सीबीसी, सीआरपी, यकृत, किडनी यांसाठी नाही. कोलेस्टेरॉल किंवा साखर सोबत असेल तर विचारून घ्या. लोहाच्या तपासणीसाठी सकाळची वेळ बरी, आणि त्याआधी दिवसभर लोहाची गोळी घेऊ नये. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद करा. त्यानं थायरॉइड, बी१२, फेरिटिनसारख्या तपासण्या काही यंत्रांवर चुकतात. पाणी मात्र भरपूर प्या. जुलाबांनी शरीर सुकलेलं असलं की शीर सापडत नाही, आणि लॅबमधल्या ताईंनाही दोन-तीनदा टोचावं लागतं.

रिपोर्ट कसे जपून ठेवायचे?

मी एका वहीत आडवा तक्ता केला आहे. तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सीआरपी, अल्ब्युमिन, फेरिटिन, कॅल्प्रोटेक्टिन, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवला आहे: त्या आठवड्यात कसं होतं ते लिहायला. '६ वेळा, रात्री २ वेळा उठले, गुडघा दुखतोय.' गेल्या वर्षी याच तक्त्यानं मला वाचवलं. हिमोग्लोबिन १३.४, मग १२.९, मग १२.३. तिन्ही कागदांवर ते नॉर्मलच छापलेलं होतं. ओळीनं वाचलं तेव्हा उतरण दिसली, कॅल्प्रोटेक्टिन केलं तर ते ६०० च्या पुढे निघालं.

कोणत्या वेळी रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठायचा?

ट्रुलव्ह आणि विट्स या ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या गंभीर झटक्याची जी खूण सांगितली, ती आजही वापरतात: दिवसातून ६ किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि जोडीला ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी ९० च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर, यांपैकी काहीही एक. यातले जुलाब, ताप आणि नाडी तुम्ही घरीच मोजू शकता. त्याखेरीज पोट फुगून कडक होणं, वायूही न सरणं, सतत उलट्या, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर थेट निघायचं. फाइल सोबत घ्या, पण ती शोधण्यात वेळ घालवू नका.

सारखं रक्त काढून अ‍ॅनिमिया वाढतो का?

नाही. तीन-चार नळ्या मिळून १० ते २० मिलिलिटर रक्त जातं, आणि मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर असतं. लहान मुलांसाठी छोट्या नळ्या असतात. त्या वापरा म्हणून सांगायला संकोच करू नका.